आवाज बसल्यानंतर



एखाद्या संगीत संमेलनाची स्मरणिका चाळून पाहा. कलाकाराच्या परिचयात आधी घराणं येतं, मग गुरूंची नावं, मग महोत्सव, परदेश दौरे, पुरस्कार. पार तळाला, जागा उरली तर, ‘विद्यादानाचं कार्यही अव्याहत सुरू आहे’ असं एक वाक्य. सगळ्यांच्या परिचयात ते इतकं सारखं असतं की छापखान्यात आधीच जुळवून ठेवलं असावं. ज्या कामावर त्या माणसाचं घर चालतं आणि ज्यात त्याचा आठवड्यातला बहुतेक वेळ जातो, ते तळाला. वर्षातून आठ-दहा वेळा होणारी मैफल मात्र वर.

ही व्याख्यानमाला ज्या बाईंच्या स्मरणार्थ चालते, त्यांनी या गावात जन्मभर गाणं शिकवलं. त्यांच्याविषयी बोलायला माझ्याहून अधिकारी माणसं समोर बसलेली आहेत. मी बोलणार आहे ते त्यांच्या पेशाविषयी. गाणारी किंवा पियानो वाजवणारी माणसं शिकवू लागतात म्हणजे नेमकं काय होतं, आणि त्यांची पोटापाण्याची व्यवस्था कशी लागते, हा माझा विषय आहे. गाणं जमेना म्हणून शिकवायला लागला, असं आपण सहज बोलून जातो. त्यात थोडं तथ्य आहे. पुष्कळ थोर शिक्षक काहीतरी अडल्यामुळेच शिकवण्याकडे वळले. पण आपण त्याला उतरती कळा समजतो, तिथं माझा मतभेद आहे. ज्याचा गळा कधी अडलाच नाही, त्याला आपला गळा चालतो कसा हे बघण्याची वेळच येत नाही. ज्याचा अडला, त्याला ते बघावंच लागतं.

याचं सगळ्यात लख्ख उदाहरण परमुलखातलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मानुएल गार्सिया १८०५ साली स्पेनमध्ये जन्मला. त्याचे वडील, त्यांचंही नाव हेच, त्या काळचे गाजलेले टेनर. रोसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मधला पहिला आल्माविवा १८१६ साली त्यांनीच गायला. घर म्हणजेच ऑपेरा कंपनी. १८२५ मध्ये ही मंडळी समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेली आणि तिथल्या लोकांना त्यांनी इटालियन ऑपेरा ऐकवला. वडील आल्माविवा, मुलगी मारिया रोझिना, आई एका छोट्या भूमिकेत आणि विशीतला मानुएल फिगारो. आपल्या नाटक मंडळ्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. माणसं थोडी, प्रयोग फार, वडील तालमीत निष्ठुर, आणि गळ्याला विसावा म्हणून नाही. युरोपात परतल्यावर मानुएलनं इटलीत रंगमंचावर पुन्हा उभं राहून पाहिलं, पण आवाज हातचा गेला होता. पंचविशीच्या आत गायक म्हणून त्याचा कारभार आटोपला.

घरात बाकीच्यांची कीर्ती चढतीच होती. मारिया मालिब्रान युरोप गाजवून १८३६ मध्ये, वयाच्या अवघ्या २८ व्या वर्षी गेली. धाकटी पोलिन व्हिआर्दो पुढं तितकीच मोठी गायिका झाली. मानुएलनं काही काळ लष्करी रुग्णालयांत काम केलं आणि तिथं माणसाच्या गळ्याची रचना समजून घेतली. वडिलांनी आपल्याला जे छडी मारून शिकवलं ते शरीरात नेमकं कुठं घडतं, हे त्याला जाणून घ्यायचं होतं. पॅरिसमध्ये तो शिकवू लागला आणि १८४० मध्ये मानवी आवाजावरचा त्याचा प्रबंध फ्रेंच विज्ञान अकादमीपुढं आला.

तोवर जिवंत माणसाचे स्वरतंतू गाताना कसे हलतात, हे गाणाऱ्या कुणीच धड पाहिलेलं नव्हतं. प्रेतावरून जेवढा अंदाज बांधता येईल तेवढा बांधायचा. १८५४ मध्ये पॅरिसला गेलेला असताना गार्सियाच्या डोक्यात आलं की आरशावरून उन्हाची तिरीप घशात पाडली तर? तो वैद्यकीय हत्यारं करणाऱ्याच्या दुकानात गेला आणि लांब दांड्याचा, दातांच्या डॉक्टरचा एक छोटा आरसा सहा फ्रँकना घेऊन आला. आरसा गरम पाण्यात बुडवून पुसला, म्हणजे श्वासानं त्यावर वाफ धरू नये. तो पडजिभेला टेकवला, दुसऱ्या हातातल्या आरशानं ऊन त्यावर पाडलं आणि स्वतःचंच स्वरयंत्र डोळ्यांनी पाहिलं. तंतू जुळताहेत, विलग होताहेत, स्वर वर चढवला की ताणले जाताहेत. दुसऱ्या वर्षी त्यानं हे सगळं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढं मांडलं. आज कान-नाक-घशाचा डॉक्टर तुमच्या घशात आरसा घालतो तेव्हा तो एका आवाज गेलेल्या गानशिक्षकाच्या पावलावर पाऊल टाकत असतो.

मला याहून मोलाची वाटते ती त्याआधीची गोष्ट. १८४१ मध्ये स्वीडनची जेनी लिंड त्याच्याकडे आली. वय २०, मायदेशी नाव झालेलं, आणि गळा अतिश्रमानं पार थकलेला. तिनं गाऊन दाखवलं आणि गाता गाताच कोलमडली. गार्सियानं तिला कुठला पलटा दिला नाही, कुठला स्वर घटवायला सांगितला नाही. सहा आठवडे गाऊ नकोस, शक्यतो बोलूही नकोस, मग ये, एवढंच सांगितलं. सहा आठवड्यांनी आवाजात जीव आलेला दिसला तेव्हा तालीम सुरू झाली. पुढं हीच मुलगी ‘स्वीडनची कोकिळा’ म्हणून जगभर गेली. शिकवणीच्या पहिल्या महिन्यात शिकवायचं नाही, फीही घ्यायची नाही, हे ज्याचा आवाज कधी बसला नाही अशा गायकाला सुचलं असतं असं मला वाटत नाही. तो म्हणाला असता, जोर लाव.

गार्सिया १८४८ मध्ये लंडनला गेला आणि तिथल्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये १८९५ पर्यंत शिकवत राहिला. १९०५ मध्ये त्याची शंभरी झाली ती तो हयात असताना, आणि त्या सोहळ्याला गायकांच्या बरोबरीनं गळ्याचे डॉक्टर हजर होते. दुसऱ्या वर्षी तो गेला. पंचविशीत संपलेल्या कारकिर्दीनंतर पाऊणशे वर्षं!

आता आपल्याकडे येते.

अल्लादिया खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उणियाऱ्याचा. घराणं पिढीजात गवयांचं. तरुणपणी ते माळव्यातल्या आमलेटा संस्थानात दरबारी गायक होते. तिथल्या अधिपतीला गाण्याचा शौक असा, की खाँसाहेबांना रोज तासन्‌तास गावं लागे. यजमानाची हौस भागेना आणि गवयाला नाही म्हणता येईना. अखेर आवाज फाटला. पुढं तो काहीसा परत आला, पण पहिली गोलाई आणि झळाळी आली नाही. तेव्हा हाती उरलेल्या आवाजात काय काय होऊ शकतं याचा खाँसाहेबांनी विचार केला. लयीशी गुंतलेली, पेचदार पण अखंड अशी जी गायकी आज आपण जयपूर-अत्रौली म्हणून ओळखतो, ती त्या विचारातून निघाली असं या घराण्यातले जाणकार सांगत आले आहेत. गार्सिया आणि खाँसाहेब यांनी एकमेकांची नावं ऐकली असण्याचा प्रश्नच येत नाही. पण दोघांचाही गळा दुसऱ्याच्या हट्टापायी गेला, आणि दोघांनीही जे उरलं त्याचा हिशोब मांडला.

खाँसाहेब कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी होते. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेब मुंबईला आले. त्याच सुमारास, १९२१ मध्ये, गोव्यातल्या केरीच्या केसरबाईंचं गंडाबंधन झालं. केसरबाई तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. अब्दुल करीम खाँ, वझेबुवा, बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा अशा अनेकांकडे थोडं थोडं शिकून झालं होतं. खाँसाहेब सहजासहजी तयार झाले नाहीत. शेठ विठ्ठलदास द्वारकादासांनी शब्द टाकला, मोठी रक्कम ठरली, वर्षानुवर्षं तालीम घेण्याची अट ठरली, मग काम सुरू झालं. आपल्याकडे हा भाग सांगताना लोक जरा अडखळतात. गुरुशिष्यांमध्ये पैशाचं बोलणं? का नाही? वय पासष्टीच्या पुढं, गोतावळा मोठा. बोलणं आधीच स्पष्ट झालं म्हणून ती तालीम इतकी वर्षं अखंड चालली. पैशाचं अवघडलेपण मनात ठेवून चाललेल्या शिकवण्या मी पुष्कळ पाहिल्यात. त्यातली एकही इतकी टिकलेली नाही.

मोगूबाई कुर्डीकरांची हकीकत याच्या उलट. वडील नाहीत, आई लहानपणीच गेलेली, गावोगावच्या नाटक मंडळ्यांत काम करता करता सांगलीला मुक्काम पडलेला. खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत आले होते. रस्त्यानं जाताना त्यांच्या कानावर या मुलीचा रियाज पडला आणि ते आपणहून शिकवायला आले. पुढं मुंबईत ही तालीम खंडित झाली. तिथल्या रागलोभांत मी शिरत नाही. मधल्या काळात खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांनी मोगूबाईंना शिकवलं, आणि १९३० नंतरच्या दशकात खाँसाहेबांकडची दारं त्यांना पुन्हा उघडली.

अल्लादिया खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रिका दिली नाही. त्यांचं गाणं आपल्याला ऐकू येतं ते शिष्यांच्या गळ्यातून. केसरबाईंच्या तबकड्या लावा: भरदार, रुंद आकार, एकाच श्वासात लांबत जाणारी तान, कुठेही घाई नाही. मग मोगूबाईंचं एखादं मुद्रण लावा. तिथं लयीचा विचार पुढं येतो. मात्रेच्या पोटात शिरून समेला बेमालूम येणं. गुरू एकच, राग तेच, बंदिशीही पुष्कळ त्याच. मग खाँसाहेब यातले कुठले? माझं उत्तर असं, की दोन्ही गळ्यांना काय पेलेल हे त्या म्हाताऱ्या माणसाला कळत होतं आणि त्यानं दोघींना वेगळं दिलं. स्वतःच्या आवाजाची झळाळी गेलेला गुरू शिष्याला आपला आवाज देऊच शकत नाही; त्याला विचारच द्यावा लागतो.

हे मोघम वाटेल, म्हणून वर्गातली गोष्ट सांगते. विलंबित तीनतालातला मोठा ख्याल आहे. मुलगी सम घेऊन आलापाला निघाली, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेपासून आकार भरत चालली आणि नवव्या मात्रेशी, ऐन निषादावर, तिचा दम संपला. स्वर थरथरला, तिनं घाईनं श्वास घेतला, त्यात अकरावी मात्रा हुकली आणि मुखडा धावत पकडावा लागला. उपजत लांब दमाची गायिका शिकवत असेल तर ती म्हणेल, ‘दमसास वाढव.’ ते खोटं नाही, पण त्याला दोन वर्षं लागतील. जिचा दम कधीतरी उणा पडलेला आहे ती म्हणेल, ‘आठव्या मात्रेवर धैवत सोड, तिथं श्वास घे, निषाद ताज्या श्वासावर लाव.’ मुलीचा आलाप त्याच दिवशी उभा राहतो. आणि धैवतानंतर जी इवलीशी जागा मोकळी पडली, ती ऐकणाऱ्याला मुद्दाम ठेवलेली वाटते.

मोगूबाई स्वतः शिकवायला बसल्या तेव्हा त्यांची रीत कडक होती. त्यांच्या कन्या किशोरीताईंनी जाहीरपणे सांगितलेलं आहे, की माई स्थायी-अंतरा एक-दोनदाच म्हणून दाखवायच्या, पुन्हा नाही. कान तेवढ्यात उघडा ठेवायचा. मोबाइलवर बंदिश टिपून घेऊन ‘घरी ऐकते’ म्हणणाऱ्या आजच्या पोरींना हे जुलमाचं वाटतं. मला स्वतःला ही रीत पूर्णपणे पटत नाही, सगळ्यांचे कान किशोरीताईंचे नसतात. पण एक मान्य करायला हवं: मोगूबाईंनी दौरे करून, एकटीनं मुलं वाढवली आणि त्यातून वेळ काढून शिकवलं. तिसऱ्यांदा म्हणून दाखवायला वेळही नसेल.

आता पियानोकडे. शोपँपाशी थोडं थांबते, कारण त्याच्या शिकवण्यांचा हिशोब बऱ्यापैकी उपलब्ध आहे, आणि हिशोब बोलका आहे. हा पोलिश तरुण १८३१ मध्ये पॅरिसला आला. पियानोवादक म्हणून त्याचं नाव आज जितकं मोठं, तितक्याच त्याच्या जाहीर मैफली थोड्या: उभ्या आयुष्यात तीसेक. प्रकृती नाजूक, वाजवण्याचा नाद हळुवार. मोठ्या दालनात शेवटच्या रांगेपर्यंत तो पोचत नसे आणि गर्दीची त्याला धास्ती होती. मग तो जगला कशावर? शिकवण्यांवर. एका तासाचे २० फ्रँक, विद्यार्थ्याच्या घरी जायचं तर ३०. दिवसाला चार-पाच शिकवण्या. म्हणजे दिवसाचे शंभरेक फ्रँक, जेव्हा पॅरिसच्या कारागिराला दिवसाकाठी तीन-चार फ्रँक मिळत. पैसे हातात द्यायचे नाहीत, शेकोटीवरच्या फळीवर ठेवायचे, हा रिवाज. आपल्याकडे पाकीट तबल्याच्या बाजूला ठेवतात तसंच. आणि मैफल? वर्षा-दोन वर्षांतून एखादी, निवडक लोकांपुढं, महागड्या तिकिटाची. जिच्यामुळे शिकवणीची मागणी टिकून राहावी.

पण कळीची गोष्ट पुढंच आहे. हे सगळं साधारण ऑक्टोबर ते मे. उन्हाळ्यात तो लेखिका जॉर्ज सँडच्या नोआं इथल्या घरी जाई आणि तिथं शिकवण्या बंद. त्याच्या उत्तरकाळातल्या थोर रचनांपैकी कितीतरी या उन्हाळ्यांमध्ये पुऱ्या झाल्या. हिवाळ्यातल्या सरदार-सावकारांच्या मुलींनी वीस-वीस फ्रँकांनी त्याचे उन्हाळे विकत घेऊन दिले, असं म्हणायला हरकत नाही. १८४८ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली, श्रीमंत कुटुंबं शहर सोडून गेली, शिकवण्या एकदम बसल्या आणि त्या खंगलेल्या माणसाला पोटासाठी इंग्लंड-स्कॉटलंड गाठावं लागलं. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो गेला.

त्याचं शिकवणं या सरदारकन्यांसाठी मन मारून केलेलं काम असेल असं आपल्याला वाटेल. तसं मुळीच नव्हतं. पियानोच्या शिकवणीची सुरुवात सगळे ‘सी मेजर’पासून करायचे, आजही बहुतेक जण करतात, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, दिसायला सोपं. शोपँ म्हणे, ही सगळ्यात अवघड पट्टी, कारण हाताला कुठं टेकाच नाही. तो उजव्या हाताचा अंगठा ‘ई’वर ठेवायला लावी. मग तर्जनी, मधलं आणि अनामिका या तिन्ही लांब बोटांना तीन काळ्या पट्ट्या, ‘एफ शार्प’, ‘जी शार्प’ आणि ‘ए शार्प’, आणि करंगळीला पुन्हा पांढरी ‘बी’. तुमच्यापुढं हार्मोनियम असेल तर घरी जाऊन ठेवून पाहा. आखूड बोटं खाली, लांब बोटं वर. हात आपोआप कमानदार होतो आणि मनगट मोकळं राहतं. त्यासाठी म्हणून तो पहिली सरगम ‘बी मेजर’ची देई आणि ‘सी मेजर’ शेवटी. ताकदीचा तोटा असलेल्या माणसानं हात न शिणवता वाजवण्याची ही सोय शोधली, हे उघड आहे. पियानोवाल्यांनी गायकांना जाऊन ऐकावं, असा त्याचा विद्यार्थ्यांकडे आग्रह असे. पोलिन व्हिआर्दो त्याची मैत्रीण होती आणि त्याच्याकडून पियानोतलं मार्गदर्शनही घेई. गार्सियांचं घर असं सगळीकडे भेटतं.

क्लारा शूमन हे निराळं प्रकरण, कारण तिनं मैफल आणि शिकवणी शेवटपर्यंत बरोबरीनं चालवल्या. १८५६ मध्ये नवरा गेला, पदरी मुलं. ती गावोगाव वाजवत राहिली. हाताच्या दुखण्यानं मधे मधे बैठक मोडे. १८७८ मध्ये फ्रँकफुर्टच्या हॉख संगीत महाविद्यालयानं बोलावलं तेव्हा तिनं अटी घातल्या: घरीच शिकवीन, ठरावीकच वेळ, दौऱ्यांना मोकळीक. महाविद्यालयानं मान्य केल्या. कच्च्या विद्यार्थ्यांना तिच्या मुली, मारी आणि ऑयगेनी, तयार करत. १८९२ पर्यंत हे चाललं. क्लाराचं ध्वनिमुद्रण नाही, पण फॅनी डेव्हिस आणि ॲडेलिना द लारा या तिच्या शिष्यांची मुद्रणं आहेत, आणि त्या दोघी एकसारख्या वाजवत नाहीत. केसरबाई-मोगूबाईंचीच कथा.

आता संस्थांकडे वळते, आणि इथं माझी नाराजी लपणार नाही.

विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, पुस्तकी शिक्षण अडलं, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत. गाणं शिकणाऱ्यांना नऊ वर्षांच्या करारानं ठेवून शिक्षक म्हणून तयार करायचं, ही कल्पना त्यांच्या आधी इतक्या रोखठोकपणे कुणी राबवली नव्हती. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही त्यातून निघालेली मंडळी. स्वरलिपीची पुस्तकं छापली, मैफलीला तिकीट लावलं. मुंबईची इमारत कर्जापायी गेली, आणि १९३१ मध्ये मिरजेत त्यांचा अंत झाला. त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, ज्याच्या विशारद आणि अलंकार परीक्षा तुमच्यापैकी अनेकांनी दिल्या असतील.

या माणसाचे उपकार न फिटणारे आहेत. सभ्य घरातल्या मुलीला उजळ माथ्यानं गाणं शिकता आणि शिकवता येऊ लागलं ते या परंपरेमुळे. गावोगावच्या शेकडो बायकांना तिनं स्वतःची कमाई दिली. ज्या बाईंच्या नावानं आपण जमलो आहोत, त्याही त्यातल्याच. पण परीक्षेनं एक केलं: शिकवणीचं मोजमाप विद्यार्थ्याच्या गळ्यावरून उठून अभ्यासक्रमावर गेलं. या वर्षी अमुक राग, अमुक ताल, पुढच्या वर्षी आणखी. गार्सियासारखं ‘सहा आठवडे गाऊ नकोस’ म्हणायला परीक्षेचं वेळापत्रक परवानगी देत नाही. मुंबई-गोव्याकडच्या पियानो शिक्षकांचंही हेच. १८८९ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या असोसिएटेड बोर्डाच्या श्रेणी परीक्षा वांद्र्यापासून मडगावपर्यंत दिल्या जातात, आणि आईबाप शिक्षिकेला पहिला प्रश्न विचारतात तो ‘कुठल्या ग्रेडपर्यंत घेता?’ हा. गोव्यात त्याआधीची चर्चच्या शाळांची परंपरा होती, जिथं पोराला अक्षराबरोबर स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. मुंबईच्या सिनेमासंगीतातले किती वादक त्या शाळांतून आले! अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातलं ते नाव गुरूचंच. गाणं सगळ्यांना पाठ, गुरू कुणाला ठाऊक नाही.

देवधर मास्तरांचं नाव मघाशी घेतलं. त्यांनी १९२५ मध्ये मुंबईत ऑपेरा हाऊसजवळ स्वतःची शाळा काढली, पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला आणि आवाजाच्या साधनेकडे शास्त्र म्हणून पाहिलं. अशोक रानडे ही दृष्टी त्यांच्याकडून घेऊन पुढं गेले. गार्सियाचा प्रश्न मराठीत विचारला गेला तो या शाळेत. आणि याच शाळेत बेळगावकडून आलेला एक मुलगा वाढला, पुढं तिथंच शिकवूही लागला: कुमार गंधर्व. १९४७-४८ च्या सुमारास त्यांना क्षयानं गाठलं. देवासला जवळपास पाच वर्षं गाणं बंद, एक फुफ्फुस कायमचं निकामी. त्यातून उठल्यावर जे गाणं आलं, त्यातले छोटे छोटे, झेप घेऊन थांबणारे स्वरसमूह, एकदम टिपेला लागणारा सूर, सगळं उरलेल्या दमाच्या हिशोबानं बांधलेलं आणि त्या हिशोबाच्या कितीतरी पलीकडे गेलेलं. त्यांच्या नकला करणाऱ्यांनी मात्र दोन्ही फुफ्फुसं धडधाकट असताना तोच तुटक श्वास घेतला. दोष गुरूचा नाही. शिष्यानं अडचण उचलली, तिच्यावर काढलेला तोडगा उचलला नाही.

शिकवण्यानं गाणं बिघडतं, हा आक्षेप राहिलाच. बिघडतं. दिवसभर मुलींच्या कच्च्या पट्टीत, काळी चारमध्ये, सूर देऊन संध्याकाळी स्वतःच्या काळी एकमध्ये गळा लागत नाही, हे मी अनुभवानं सांगते. पियानोवाल्यांचा कार्ल चेर्नी, बीथोव्हेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू, दिवसाला दहा-बारा तास शिकवायचा आणि जाहीर वाजवणं त्यानं सोडूनच दिलं होतं. म्हणून फी आणि तास यांची बोलणी हा कलेच्या बाहेरचा विषय नाही. क्लारानं अटी घातल्या, शोपँनं उन्हाळे राखले, खाँसाहेबांनी रक्कम ठरवून घेतली. ज्यांनी संकोचानं काही ठरवलं नाही, त्यांची गाणी शिकवणीत विरून गेली. कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरूला पगार आणि राहायला घर आहे, शिष्यही तिथंच राहतात. उल्हास कशाळकरांसारख्या गायकानं तिथं शिकवलं आणि गाणंही चालू ठेवलं. अशी व्यवस्था महाराष्ट्रात एवढ्या पैशाच्या संमेलनांमधून उभी राहू नये, याची मला लाज वाटते.

हल्ली निम्म्या शिकवण्या फोनवर होतात. न्यू जर्सीच्या मुलीची संध्याकाळ ती आपली सकाळ. सोय मोठी आहे, उत्पन्नही बरं आहे, कुणी नाकं मुरडू नयेत. पण एक गोष्ट त्यात होत नाही. आवाज जायला-यायला क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नाहीत. एकानं गायचं, थांबायचं, मग दुसऱ्यानं. तालमीतला अर्धा भाग म्हणजे गुरूच्या आवाजाला आवाज लावून, त्याच्या श्वासाबरोबर श्वास घेणं. आठव्या मात्रेवरचा तो श्वास सांगून समजतो, पण अंगात येतो बरोबर गाताना. माझ्या परदेशातल्या मुली डिसेंबरात सुट्टीवर येतात. तेव्हा मी त्यांना एकही नवी बंदिश देत नाही, ती फोनवर होते. आम्ही शेजारी बसून जुनेच आलाप पुन्हा पुन्हा बरोबर गातो, आणि या दिवसांची फी मी वेगळी घेते.